विश्वासाची नोंद : अंकीय नाणे आणि स्वयंपालित करार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



व्यापारी समाजाला पैशाचे मर्म नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या काळी रस्ते असुरक्षित होते, त्या काळी रोख रक्कम बरोबर न बाळगता केवळ एका कागदाच्या आधारे दूरच्या शहरी पैसे उचलता येत असत. तो कागद म्हणजे हुंडी. हुंडीचे मूल्य कागदाचे नव्हते. लिहिणाऱ्या पेढीला बाजारात जी पत होती, तिचे होते. आज ज्याला अंकीय चलन म्हणतात, त्याच्या मुळाशीही हुंडीचेच जुने प्रश्न आहेत. सही खरी कशी ओळखावी? एकच नाणे दोनदा खर्च होण्यापासून कसे रोखावे? आणि या सर्वांची नोंद कोणी ठेवावी?

सहीचा प्रश्न प्रथम सुटला. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी दोन किल्ल्यांच्या पद्धतीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी अशी सही प्रत्यक्षात करण्याची रीत शोधली. एक किल्ली खाजगी, ती केवळ मालकापाशी. दुसरी सार्वजनिक, ती सर्वांना ठाऊक. खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येते. परंतु सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येत नाही. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आहे. पण केवळ गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधावयास सांगितले, तर संख्या पुरेशा मोठ्या असल्यास आजच्या संगणकांनाही ते साधत नाही. हाताची सही सर्व कागदांवर सारखीच असते, म्हणून तिची नक्कल होते. अंकीय सही मजकुरागणिक बदलते. ती एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर डकविता येत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तिला कायदेशीर मान्यता मिळाली.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. सोन्याची मोहर दिली की ती हातातून जाते. अंकीय नाणे ही केवळ आकड्यांची ओळ; तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात. प्रत्येक व्यवहार बँकेने तपासला तर दुबार खर्च थांबेल, पण मग कोणी कोणाला काय दिले याची संपूर्ण कुंडली बँकेच्या हाती जाईल. गुप्तदान करणाऱ्याचे दानही गुप्त राहणार नाही.

यावर डेव्हिड चॉम या अमेरिकन गणितज्ञाने १९८२ साली ‘आंधळी सही’ हा उपाय सुचविला. तो समजावण्यासाठी चॉम यांनीच कार्बन कागदाच्या लिफाफ्याचा दाखला दिला होता. तो येथे थोडक्यात असा मांडता येईल. ग्राहक एका चिठ्ठीवर स्वतः निवडलेला क्रमांक लिहितो आणि ती कार्बन कागदासह लिफाफ्यात बंद करतो. बँक त्याच्या खात्यातून रक्कम वजा करून लिफाफ्यावर बाहेरून सही करते. ती सही आतील चिठ्ठीवर उमटते. ग्राहक घरी जाऊन लिफाफा फोडतो. आता चिठ्ठीवर बँकेची खरी सही आहे, परंतु बँकेने क्रमांक पाहिलेला नाही. गणितात लिफाफ्याचे काम एक गुप्त संख्या करते. सहीपूर्वी क्रमांक तिच्या साहाय्याने गुणून झाकला जातो आणि सहीनंतर भागाकाराने मोकळा होतो. शंभराच्या नाण्यासाठी एक किल्ली, पाचशेच्या नाण्यासाठी दुसरी. त्यामुळे न पाहता सही करूनही बँक फसत नाही. नाणे दुकानदारामार्फत परत आले की बँक आपली सही ओळखते, क्रमांक ‘खर्च झाला’ म्हणून टिपून ठेवते आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास नाकारते.

१९८८ साली चॉम यांनी एमॉस फियाट व मोनी नाओर यांच्यासह याहूनही सूक्ष्म रचना मांडली. तीत नाणे एकदा खर्च केले तर मालकाचे नाव कोणालाही कळत नाही. मात्र तेच नाणे दोनदा खर्च केले, तर दोन्ही वेळी दिलेले तुकडे एकत्र जुळून नाव उघड होते. प्रामाणिकाला आडोसा आणि लबाडाची ओळख, दोन्ही एकाच सूत्रात बसविलेली होती.

चॉम यांच्या ॲम्स्टरडॅम येथील डिजिकॅश कंपनीचे नाणे १९९५ साली सेंट लुईस येथील मार्क ट्वेन बँकेने चालविले. परंतु ते स्वीकारणारे दुकानदार थोडे आणि ग्राहकही थोडे. १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गणित चुकले नव्हते. बाजार जमला नाही. शिवाय सारा भार एका कंपनीवर आणि बँकेवर होता.

येथे तिसरा प्रश्न उभा राहतो : मध्ये कोणी नसेल तर खातेवही कोणाच्या पेढीवर ठेवायची? ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या लेखाने उत्तर दिले की, ती प्रत्येकाकडे ठेवावी. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले.

या वहीची रचना अशी आहे. ‘हॅश’ नावाची गणिती क्रिया कितीही मोठ्या मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढते. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा संपूर्ण बदलतो. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा लिहिलेला असतो. म्हणून जुन्या कीर्दीत एक आकडा खोडला, तर पुढील सर्व पाने जुळेनाशी होतात. ही साखळीची कल्पना स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ सालीच मांडली होती.

पान लिहिण्याचा अधिकार परिश्रमाने मिळतो. ठसा एका ठरावीक मर्यादेखाली यावा यासाठी संगणक अगणित आकडे घालून पाहतात. आकडा सापडण्यास सरासरी दहा मिनिटे लागावीत, असे काठिण्य राखले जाते. तो तपासण्यास मात्र क्षणही पुरतो. जुने पान बदलू पाहणाऱ्यास त्यापुढील सर्व पानांचे श्रम पुन्हा करून इतर सर्वांना मागे टाकावे लागेल. लिहिणाऱ्यास नवी नाणी मिळतात : आरंभी प्रत्येक पानास ५०, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत, असा नियम आहे. या पद्धतीत वीज फार खर्च होते, हा तिच्यावरील रास्त आक्षेप आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. चॉम यांनी बँक ठेवली आणि माग पुसला. नाकामोतो यांनी बँक काढली, पण माग ठेवला. बिटकॉइनची वही सर्वांना खुली असते. तीत नावे नसली तरी एकदा पत्ता आणि व्यक्ती यांची सांगड लागली की मागचे सर्व व्यवहार वाचता येतात. ते गुप्त धन आहे, ही समजूत चुकीची आहे.

आता कराराकडे वळू या. निक झाबो यांनी १९९० च्या दशकात स्वयंपालित कराराची कल्पना मांडताना नाणे टाकले की वस्तू देणाऱ्या यंत्राचे उदाहरण दिले. तेथे वकील लागत नाही. यंत्रच करार पाळते. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम जाळ्यावर असे करार संगणकीय आज्ञावलीच्या रूपाने लिहिता येऊ लागले.

पुढच्याच वर्षी त्यांची परीक्षा झाली. ‘द डीएओ’ नावाच्या सामाईक निधीत हजारो लोकांनी ईथर हे चलन गुंतविले होते. त्याच्या आज्ञावलीत आधी रक्कम देणे आणि मग नावे टाकणे असा क्रम होता. रोकडिया पैसे देऊन कीर्दीत लिहिण्यापूर्वीच तीच चिठ्ठी पुन्हा पुढे करावी, तसे एका अज्ञाताने १७ जून २०१६ रोजी केले आणि सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतले. करारातील अक्षरानुसार पाहता त्याने कोणतेच कलम मोडले नव्हते. मग करार म्हणजे लिहिलेली अक्षरे की करणाऱ्यांचा हेतू? २० जुलै रोजी बहुसंख्यांनी वही दुरुस्त करून रक्कम परत मिळविली. ज्यांना हे मान्य नव्हते, त्यांनी जुनी वही ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने पुढे चालविली. यंत्राला निवाडा करता आला नाही. अखेर तो माणसांनाच करावा लागला.

दुसरी मर्यादा याहून साधी आहे. माल गोदामात पोचला की रक्कम द्यावी, असा करार आज्ञावलीत लिहिता येईल; परंतु माल पोचला हे तिला कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा खोटे बोलला, तर करार ते खोटे अत्यंत काटेकोरपणे पाळील. विश्वासाची गरज संपत नाही. तिची जागा बदलते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंधपत्रक रद्द ठरविले आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला. करपात्र होणे म्हणजे चलन म्हणून मान्य होणे नव्हे. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत प्रायोगिक रीतीने सामान्यांसाठी आलेला ई-रुपया ही वेगळी गोष्ट आहे. त्यामागे रिझर्व्ह बँकेची हमी आहे.

सज्जनहो, गणित निर्दोष असले तरी त्याच्या नावावर चालणारा व्यवहार निर्दोष असतोच असे नाही. २०१८ साली पुणे पोलिसांनी ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणी अटक केली. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून गुंतवणूकदारांना फसविल्याचा आरोप त्यात होता. अशा आश्वासनाला कोणत्याही हॅशचा आधार नसतो. तेथे नातेवाइकाच्या शब्दावर नातेवाईक पैसे घालतो. नोंद कोण ठेवतो, ती कोणाला तपासता येते आणि चूक झाल्यास दाद कोठे मागायची, हे विचारल्याशिवाय पुंजी देऊ नये.

ज्यांनी अशी मालमत्ता घेतलीच असेल, त्यांनी एक कर्तव्य विसरू नये. स्वतःपाशी ठेवलेल्या नाण्यांना बँकेतील खात्यासारखे नामनिर्देशन नसते. खाजगी किल्ली मालकाबरोबर गेली, तर ते धन वहीत सर्वांना दिसत राहते आणि वारसांना कधीही मिळत नाही. ती किल्ली कोठे व कशी ठेवली आहे, हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला आजच सांगून ठेवावे.