कुंपण नव्हतं

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय, टांझानियात तंबूत झोपताना भीती नाही वाटली? वाटली ना!

निघताना आईला सांगितलं होतं, कॅम्पला पक्कं कुंपण असतं. सेरेंगेटीत सेरोनेराला पोचलो, तर कुंपण कुठाय? मोकळं गवत आणि आमचे तंबू, बस्स. गाईडनं बजावलं, अंधार पडला की एकट्यानं बाहेर पडायचं नाही, चेन पूर्ण लावायची. रात्री दोनला तरसं ओरडायला लागली. आधी खालचा सूर, मग एकदम वर चढणारा. त्यात मला लघवीला लागलेली! उजाडेपर्यंत तशीच पडून राहिले.

न्गोरोंगोरोच्या काठावर थंडीनं कुडकुडलो, ते सोडा.

शेवटी विश्रांतीला झांझिबार बेट. पाजेच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की बायका चालत आत जाऊन दोऱ्यांना लावलेलं समुद्रशेवाळ काढतात. स्वाहिलीतही चपातीला चपातीच म्हणतात बरं का! ती खाता खाता आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कुंपणाचं खरं सांगून टाकलं.

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "माहितीये. तू निघायच्या आधीच फोटो बघितले होते मी."