कारखान्यातला निरोप्या



तोडलेला ऊस कोणासाठी थांबत नाही. उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि आतली साखरही घटते. म्हणून ऐन गळीत हंगामात गव्हाण थांबली, की गाडीवानापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. आणि गव्हाण थांबायला दर वेळी मिलचा रोलरच मोडावा लागतो असे नाही. पॅनेलमधले तळहाताएवढे एक कार्ड बिघडले तरी पुरते. हे कार्ड कसले, आणि त्याच्या जागी दुसरे निवडताना काय पाहावे, याचा आज आपण विचार करू.

हल्लीच्या कारखान्यात यंत्रांना हुकूम देण्याचे काम एक छोटा संगणक करतो. त्याला पी. एल. सी. म्हणतात; आपण त्याला नियंत्रक म्हणू. पूर्वी हे काम शेकडो रिले आणि तारांचे जंजाळ करीत असे. कामाची रीत बदलायची, तर तारा सोडवून पुन्हा जोडाव्या लागत. या त्रासातून सुटका व्हावी म्हणून अमेरिकेत १९६८ साली जनरल मोटर्स या मोटार कंपनीने नव्या साधनाची मागणी केली, आणि डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन’ नावाचा नियंत्रक घडवला.

आता कारखान्यात असा एकच नियंत्रक असता तर प्रश्न नव्हता. पण बॉयलरला एक, मिलला एक, गव्हाणीला एक, असे अनेक असतात. वाफ कमी पडू लागली तर ते मिलला कळले पाहिजे. सगळीकडचे आकडे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटले पाहिजेत. हा निरोप नेणारा-आणणारा निरोप्या म्हणजेच कम्युनिकेशन कार्ड. तो आजारी पडला, की नियंत्रक स्वतः धडधाकट असूनही एकटा पडतो.

निरोप कसा जातो? शिक्षक बंधुभगिनींनो, आपण वर्गात रोज हजेरी घेता ना, अगदी तसा! मोडिकॉनने १९७९ साली ‘मोडबस’ नावाची भाषा प्रसिद्ध केली. ती आजही हजारो ठिकाणी चालते. तिच्यात एकजण मास्तर. तो क्रमांक पुकारतो, आणि ज्याचा क्रमांक असेल त्यानेच उत्तर द्यायचे. क्रमांक १ ते २४७. दोन मुलांना एकच क्रमांक दिला तर दोघे एकदम ओरडतील आणि मास्तरांना काहीच कळणार नाही. कारखान्यातही नेमके तेच होते. म्हणून जुने कार्ड काढण्यापूर्वी त्याचा क्रमांक, बोलण्याचा वेग आणि इतर मांडणी वहीत उतरून घ्यावी. कार्डावरच्या बारीक खटक्यांचा फोटो काढून ठेवावा.

निवड करताना पहिली गोष्ट म्हणजे कार्डावरची पाटी. तिच्यावरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. पुष्कळदा दोन कार्डे जुळ्या भावांसारखी दिसतात. पण एक जुन्या आवृत्तीचे, दुसरे नव्या आवृत्तीचे. नियंत्रकातला जुना प्रोग्रॅम नव्याला ओळखेलच असे नाही. नव्या कार्डाला वीज किती लागते आणि जुना पॉवर सप्लाय तेवढी पुरवतो का, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट, वाट आणि भाषा या दोन निराळ्या बाबी आहेत. नऊ पिनांचे तेच तोंड दिसले म्हणून भाषा तीच असेल असे समजू नये. एकाच धर्तीच्या तारेवरून मोडबसही चालते आणि जर्मनीत घडलेली प्रोफीबसही चालते. पण एकीला दुसरी समजत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. आर. एस. ४८५ या जुन्या पद्धतीची दोन तारांची वाट, वेग कमी ठेवला तर १२०० मीटरपर्यंत जाते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक मात्र हवा. नव्या इथरनेटची तांब्याची तार एका दमात १०० मीटरच जाते. तेव्हा ‘नवीन आहे, वेगवान आहे’ म्हणून इथरनेटचे कार्ड घ्याल, तर मिल ते बॉयलर हे अंतर आधी मोजा. काचतंतूची केबल लागणार असेल, तर तिचाही खर्च हिशेबात धरा. आणखी एक. मूळ मोडबसला कुलूप नाही. कोण बोलतो हे ती विचारत नाही. असे जाळे थेट इंटरनेटला जोडणे म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा रात्री उघडा टाकणे होय.

आणि तेच कार्ड मिळेनासेच झाले असेल तर? तसे होते. सीमेन्स कंपनीने आपली प्रसिद्ध एस-७-३०० ही मालिका २०२३ साली नेहमीच्या विक्रीतून काढली. सुटे भाग २०३३ पर्यंत देऊ, असे सांगितले. अशा वेळी तीन वाटा उरतात. तपासून दिलेले जुने कार्ड घेणे, दोन भाषांमध्ये दुभाषाचे काम करणारी पेटी बसवणे, किंवा नियंत्रकच बदलणे. पहिली वाट स्वस्त, पण विकणाऱ्याने चाचणी करून लेखी हमी दिली असेल तरच धरावी. दुसरीने चार-दोन हंगाम निभावतात. तिसरी सर्वांत महाग. मात्र ती पावसाळ्यातल्या दुरुस्तीच्या काळातच करावी, हंगामात नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, हे इंजिनिअरसाहेबांचे काम, आम्हांला काय त्याचे? पण सहकारी कारखान्याचे सभासद तुम्हीच आहात. वार्षिक सभेत उसाचा भाव तर विचाराच. जोडीला दोन प्रश्न आणखी विचारा. प्रत्येक महत्त्वाच्या कार्डाचा जोड भांडारात आहे का, आणि तो एकदा तरी बसवून पाहिला आहे का? नियंत्रकातल्या प्रोग्रॅमची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवली आहे का? बसवून न पाहिलेले कार्ड म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे. त्याच्या भरवशावर हंगाम धरू नये.