लंडनच्या पोटातलं काम

आज एका सरकारी इंजिनिअरविषयी बोलायचं आहे. जोसेफ बॅझलजेट १८५६ ते १८८९ अशी तब्बल ३३ वर्षं लंडनच्या ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’चे मुख्य अभियंता होते.

त्या काळी लंडनचा मैला थेट थेम्स नदीत जाई. कॉलऱ्याच्या एकेका साथीत हजारो माणसं दगावत. बॅझलजेट यांचे आराखडे तयार होते, मंजुरी मात्र मिळत नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा दर्प पार्लमेंटच्या सभागृहात शिरला, तेव्हा कुठे कायदा झाला. गरिबांच्या मरणानं जे झालं नाही ते खासदारांच्या नाकानं केलं, हे मला आजही अस्वस्थ करतं.

योजना अशी होती: नदीकडे येणारी गटारं वाटेतच अडवायची, मैलापाणी नदीला समांतर अशा मोठ्या वाहिन्यांतून पूर्वेला शहराबाहेर न्यायचं आणि ओहोटीबरोबर सोडायचं. उतार मैलाला जेमतेम दोन फूट. पाणी फार खोल गेलं की वाफेच्या पंपांनी ते वर उचलायचं. अशा ८२ मैल वाहिन्या विटांनी बांधल्या. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवखं होतं. बॅझलजेट यांनी ते वापरायचं धाडस केलं, पण आलेला माल कामावरच तपासून घेण्याची कडक शिस्तही घातली. जमिनीखाली गाडलं जाणारं काम कोण बघणार, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांचा खरा मोठेपणा मला इथे दिसतो.

१८६६ साली कॉलरा पुन्हा आला. पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली. नेमकं तिथलंच काम तेव्हा पुरं व्हायचं होतं. रोग दूषित हवेतून पसरतो, असं त्या काळी बहुतेकांप्रमाणे बॅझलजेटही मानत. दुर्गंधी घालवायला निघालेल्या या कामानं पिण्याचं पाणी वाचवलं.

एक उणीव राहिलीच. शहराबाहेर सोडलेला मैला खालच्या वस्त्यांना भोगावा लागला. पुढे गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊ लागले, तेव्हाही मुख्य अभियंता तेच होते.

१८९१ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्यानं आठ हजारांहून अधिक बळी घेतले. लंडनमध्ये साथ पसरली नाही.