रांजणवाडी आणि पापणीची इतर दुखणी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावले म्हणजे तो मोतीबिंदूवर नाहीतर चष्म्यावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र रांजणवाडीवर बोलणार आहे. हसू नका, या क्षुल्लक दुखण्यापेक्षा त्यावर घरोघरी होणाऱ्या उपचारांचीच मला अधिक धास्ती वाटते.

पापणीच्या केसांच्या मुळाशी तेलकट द्रव पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात आणि पापणीच्या आत तशाच मोठ्या ग्रंथींची रांग असते. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली या मोठ्या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. हे तेल अश्रूंवर पातळ थर धरते व डोळा सुकू देत नाही. ग्रंथीचे तोंड बुजले आणि त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस जंतू आत वाढले की पू होतो, पापणी लाल होऊन ठणकते. ही रांजणवाडी. कधी ठणका नसतो, नुसती टणक गाठ राहते. तिला कॅलेझियन म्हणतात. ती अडकलेल्या तेलामुळे होते, जंतूंमुळे नव्हे.

दोन्हींवर पहिला उपाय एकच, शेक. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या ऊन पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटे ठेवावा. निवला की पुन्हा भिजवावा. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. रांजणवाडी बहुधा आठ-दहा दिवसांत बसते किंवा आपणहून फुटते. ती दाबून फोडू नये. गाठीला मात्र काही आठवडे लागतात, आणि नाहीच विरली तर छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. आपल्या आज्या तळहातावर बोट घासून ते ऊन बोट पापणीला लावीत. कल्पना शेकाचीच, पण बोट धुतलेले असेलच असे नाही! लवंग उगाळून लावणे तर नकोच. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

आता सुरम्याविषयी. काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, तरी सांगतो. एकच सळई घरातील चौघांच्या डोळ्यांत फिरते आणि जंतूही तिच्याबरोबर फिरतात. शिवाय बाजारातील अनेक सुरम्यांत शिसे असते व ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. तेव्हा लहान मुलांना सुरमा घालूच नये.

दहावीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला वरचेवर रांजणवाडी होई. वडिलांनी दुकानातून थेंबांची बाटली आणली. दोन दिवसांत लाली जाई, म्हणून महिनोन् महिने तीच घातली. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. डोळ्यातील दाब वाढला आणि एका डोळ्याची कडेची नजर गेली, ती परत येणारी नाही. वडील मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाटलीवर डोळ्यांचे औषध असेच लिहिले होते ना?" मला उत्तर सुचले नाही.

त्या मुलाला खरे तर चष्म्याची गरज होती. अंधुक दिसे म्हणून तो सारखे डोळे चोळी. वारंवार रांजणवाडी होत असेल तर नजर तपासा, मोठ्या माणसांची रक्तातील साखर तपासा. पापणीच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे दिसले तर उकळून निवविलेल्या पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब टाकून कापसाने कडा रोज पुसा. उतारवयात एकाच जागी पुन:पुन्हा गाठ येत असेल किंवा तेथले केस गळत असतील, तर गाठीचा तुकडा तपासून घ्यावा. क्वचित तो कर्करोग असतो.

आणि पापणी सुजून ताप आला, डोळा पुढे आला, हलविताना दुखला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर शेकत बसू नका. त्याच रात्री इस्पितळ गाठा.