जलीब अल शुयूख : नावातलं पाणी

कुवेतमध्ये एकही बारमाही नदी नाही, वाहता ओढा नाही. तरी तिथल्या जलीब अल शुयूख या वस्तीच्या नावातच पाणी आहे. जलीब म्हणजे विहीर; पूर्ण नावाचा अर्थ शेखांची विहीर.

तेलाचा पैसा येण्याआधी कुवेत शहरासाठी शत्त अल अरब नदीचं गोडं पाणी गलबतांतून यायचं. ते घरोघर पोचवणारे पाणके म्हणजे कंदरी. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना पत्र्याचा एकेक डबा. आपली कावडच ती!

१९५३ मध्ये तिथे समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणावर गोडं करणं सुरू झालं.

आज जलीबमध्ये भारत, बांगलादेश, इजिप्तमधले कामगार दाटीवाटीने राहतात. कोकणात पऱ्ह्यात डुंबत वाढलेल्या माणसाच्या ओंजळीत तिथल्या नळातून येतो तो मीठ काढलेला समुद्र, थोडं मचूळ भूजल मिसळलेला.