डागाळलेल्या ताऱ्याचा ग्रह



दक्षिण आकाशातील सूक्ष्मदर्शक तारकासमूहात, पृथ्वीपासून सुमारे ३२ प्रकाशवर्षे दूर, ए. यू. मायक्रोस्कोपी नावाचा एक मंद तांबूस तारा आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. याचे अवघे दोन कोटींच्या आसपास.

ग्रह ताऱ्यासमोरून गेला म्हणजे ताऱ्याचे तेज किंचित घटते. यास अधिक्रमण म्हणतात. परंतु या तरुण ताऱ्यावर मोठे डाग आहेत. सुमारे पाच दिवसांत तो स्वतःभोवती फिरतो, तसे त्याचे तेज कमीअधिक होते. मधूनच ज्वालाही उसळतात. मग घट डागाची की ग्रहाची? डागामुळे होणारा बदल संथ, दिवसांवर चालणारा असतो. ग्रहाची घट काही तासांतच आटोपते.

सन २०१८ मध्ये टेस उपग्रहाने अशी घट दोनदा टिपली. दोहोंत सुमारे १७ दिवसांचे अंतर होते. परंतु ऐन मध्यावर निरीक्षण खंडित झाले होते. तेव्हा प्रदक्षिणेचा काळ १७ दिवसांचा की त्याच्या निम्मा, हे ठरेना. २०१९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात पाहिले. त्या प्रकाशात डागांचा उपद्रव कमी असतो. निम्म्या काळाच्या हिशेबाशी जुळणारी घट मिळाली. काळ सुमारे साडेआठ दिवसांचा ठरला आणि २०२० मध्ये नेपच्यूनएवढ्या या ग्रहाची घोषणा झाली.

वर्गात एखादे मूल ‘कशावरून?’ असे विचारते, तेव्हा ते याच मार्गावरील पहिले पाऊल टाकीत असते. त्यास गप्प बसवू नये.