‘चार्ज’ : एकाच ओझ्याची गोष्ट

 

इथे सुपेल्यात जी. ई. रोडवर एक इंग्रजी क्रियापद दिवसभर कानावर पडतं. फोन चार्जला लाव. घरपोच सामानाचा वेगळा चार्ज. नव्या साहेबांनी चार्ज घेतला. लाठीचार्ज झाला. आणि कामगाराच्या पोटात गोळा आणणारी चार्जशीट! मुलं हे अर्थ आकडे घालून पाठ करतात. खरं तर मूळ अर्थ एकच : ओझं लादणे.

गॉल लोकांच्या गाड्याचं नाव रोमनांनी उचललं, ‘कारुस’. त्यावरून गाडी भरणे हे क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून 1200 च्या आसपास इंग्रजीत आलं. ‘कार’ आणि ‘कार्गो’ त्याचेच भाऊबंद.

हा सगळ्यात जुना अर्थ अजून जिवंत आहे तो आपल्या भिलाईत. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. दल्ली-राजहराचं लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोक भट्टीत वरून थराथरांनी टाकतात, त्याला चार्जिंगच म्हणतात. जुन्या धाटणीच्या भट्ट्यांवर हा माल ‘स्किप’ नावाचे डबे तिरक्या रुळांवरून वर नेतात. म्हणजे गाडा भरणंच की! कोशकारांनी एकदा हे बघायला यावं.

बंदुकीत दारू ठासणं हाही चार्ज. अठराव्या शतकात प्रयोग करणाऱ्यांनी काचेच्या बरणीत वीज ‘भरली’ आणि तिलाही तोच शब्द लावला. तिथून तो तुमच्या फोनपर्यंत आला.

मराठीत शब्द घडवणाऱ्यांनी हे ओझं बरोबर ओळखलं. पदाचा तो पदभार, कराचा अधिभार, विजेचा प्रभार. सगळीकडे ‘भार’. त्यातला ‘भृ’ धातू आणि इंग्रजीतलं ‘बेअर’, म्हणजे वाहणे, हे तर एकाच मुळाचे.

आता चार्जशीट. आमच्याकडे ती हातात पडली की माणूस जेवण सोडतो, शेजारी कुजबुजतात, जणू निकालच लागला. मराठीत तिला आरोपपत्र म्हणतात. ‘आरोप’ म्हणजे वर चढवणे, ठेवणे. रोपाचं आरोपण करतो ना, तोच शब्द. कुणीतरी ओझं तुमच्या डोक्यावर ठेवलंय, एवढंच त्या कागदात असतं. ते तुमचं आहे की नाही, हे चौकशीत ठरायचं असतं. तेव्हा जेवून घ्या, कागद नीट वाचा आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या.